थुंकीवर विश्वास नव्हता, तर घेतली कशाला?

पत्र असं आहे:

"माझा धाकटा भाऊ 34 वर्षांचा आहे. काही महिन्यांपूर्वी त्याला ब्लड कॅन्सर झाल्याचं कळलं, एएमएल म्हणतात तो. केमो झाली, सध्या रोग आटोक्यात आहे, पण तो उलटू नये म्हणून डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायला सांगितलंय. आम्ही दोघी बहिणी. मी जवळ असते, धाकटी परदेशात. दोघींना लाळेचं किट दिलं, तिचं कुरियरने गेलं-आलं. भावाचं रक्त आधीच घेतलेलं असूनही त्याच्या गालातून काडी फिरवून पुन्हा नमुना घेतला. रिपोर्टमध्ये माझी पूर्ण मॅच आली, धाकटीची अर्धी. मी लगेच भावाला सांगून टाकलं. आता मला रक्त द्यायला बोलावलंय आणि तीच मॅचिंगची तपासणी परत होणार आहे. काका म्हणतात, थुंकीवर विश्वास नव्हता तर घेतली कशाला? धाकटीला वाटतं, किट भरण्याआधी ती पाणी प्यायली म्हणून तिची अर्धीच मॅच आली. फोनवर रडते. आणि मला झोप लागत नाही. रक्तात वेगळंच निघालं तर मी भावाला काय तोंड दाखवू?
– मोठी बहीण"

ताई,

आधी तुमच्या झोपेचं बोलू, बाकीचं नंतर.

लाळेतून निघालेली पूर्ण मॅच रक्तात गेल्यावर मोडते, असं लाळेमुळे होत नाही. तुमच्या शरीरातल्या ज्या पेशीला केंद्रक आहे, त्या प्रत्येक पेशीत तुमच्या जनुकांची तीच प्रत आहे. गालातल्या पेशीत एक आणि रक्तातल्या पेशीत दुसरी, असा प्रकार निरोगी माणसात सहसा नसतो. तुम्ही निरोगी आहात. तुमचा नमुना चांगला आला नसता, तर लॅबने "पुन्हा पाठवा" म्हटलं असतं. त्यांनी रिपोर्ट दिला, म्हणजे त्यांना वाचण्याइतका डीएनए मिळाला होता.

मी अनेक वर्षं ह्याच कामात काढली आहेत. नळ्या उघडायच्या, डीएनए काढायचा, एचएलए टाइप करायचं, म्हणजे पेशींवरच्या ज्या खुणांवरून दाता आणि रुग्ण जुळतात त्या ओळखायच्या. त्या अनुभवावरून एक गोष्ट सांगते, ती काकांनाही वाचून दाखवा. आपण रक्ताला फार मान देतो. पण रक्त लाल दिसतं ते ज्या तांबड्या पेशींमुळे, त्या पेशींना केंद्रकच नसतं, म्हणजे त्यांत डीएनए नाही. रक्ताच्या नळीतून आम्ही डीएनए काढतो तो पांढऱ्या पेशींमधून. आता लाळेत काय असतं? गालाच्या आतल्या अस्तराच्या सुटलेल्या पेशी असतात, हे बहुतेकांना माहीत असतं. पण हिरड्यांच्या कडेने पांढऱ्या पेशीसुद्धा सतत तोंडात उतरत असतात, आणि थुंकून भरलेल्या नळीतल्या डीएनएचा मोठा हिस्सा त्यांचाच असतो. म्हणजे ज्यांना "रक्तच खरं" वाटतं, त्यांना हवी ती पेशी थुंकीतही असते.

काकांचा संशय मात्र वेडगळ नाही. तो एका काळचा अगदी बरोबर होता. 1954 मध्ये बॉस्टनला जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. तिथे जुळवण्याचा प्रश्नच नव्हता. 1958 मध्ये फ्रान्समध्ये जाँ दोसे यांनी पांढऱ्या पेशींवरची पहिली खूण ओळखली, ती आज आपण एचएलए म्हणतो त्या कुटुंबातली. 1964 मध्ये पॉल तेरासाकी यांनी छोट्या खड्ड्यांच्या तबकडीत पांढऱ्या पेशी आणि प्रतिपिंडं एकत्र आणून, पेशी मरतात की जगतात हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची पद्धत बसवली. त्या तपासणीला जिवंत पेशी लागायच्या, आणि ताजं रक्त हीच त्यांची जागा होती. रक्त वाटेत जुनं झालं, पेशी मेल्या, की तपासणी वाया. पुढे 1983 मध्ये कॅरी मलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली, आणि जनुकाचा हवा तो तुकडा कोट्यवधी वेळा वाढवता येऊ लागला. मग पेशी जिवंत असायची गरज उरली नाही. तिच्यातला डीएनए शाबूत असला की झालं. आज रक्तदात्यांसारख्या मूळपेशी-दात्यांच्या (मूळपेशी म्हणजे बोन मॅरोतल्या, ज्यांच्यापासून रक्त तयार होतं त्या पेशी) ज्या नोंदणी संस्था जगभर आहेत, त्यांच्या यादीत मिळून 4 कोटींहून जास्त माणसं आहेत, आणि त्यातली कितीतरी गालातून काडी फिरवून नोंदली गेली आहेत.

आता धाकटीचं. ती रडतेय, तेव्हा हे तिला आजच सांगा.

पाणी प्यायल्याने मॅच अर्धी होत नाही. पाण्याने लाळ पातळ होते, पेशी कमी येतात, कधी डीएनए पुरत नाही. अर्ध्या तासात काही खाल्लं-प्यायलं, सिगारेट ओढली, तर नमुना नापास होण्याची शक्यता वाढते, म्हणून किटवर तसं लिहिलेलं असतं. लाळेत तोंडातल्या जिवाणूंचाही डीएनए असतो, पण आमची तपासणी माणसाच्या ठरावीक जनुकांनाच पकडते, जिवाणू तिच्या हिशेबात येत नाहीत. थोडक्यात, खराब लाळ बहुतेक वेळा उत्तरच देत नाही. खोटं उत्तर क्वचित देते. एक अपवाद सांगते, कारण लपवायचं नाही. डीएनए फारच थोडा असेल, तर जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक वाचताना निसटू शकते, आणि दोन वेगवेगळ्या प्रतींच्या जागी एकच दिसते. म्हणून एकाच ठिकाणी दोन्ही प्रती सारख्या दिसल्या की अनुभवी लॅब थबकते आणि परत बघते. धाकटीची "अर्धी" अशी आलेली नाही, हे डॉक्टरांकडून दोन मिनिटांत कळेल. तिच्या रिपोर्टमध्ये दुसरा संच स्वच्छ दिसत असेल, फक्त तो भावाचा नसेल, इतकंच.

संच म्हणजे काय, ते सांगते. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून बसलेली असतात. त्यामुळे ती सुटी सुटी नाही, बहुतेक वेळा अख्ख्या गठ्ठ्याने, म्हणजे संचाने, पुढच्या पिढीत जातात. आईकडे असे दोन गठ्ठे, वडिलांकडे दोन. प्रत्येक मुलाला आईचा एक आणि वडिलांचा एक मिळतो. कुठला, ते नशीब. भावाला जे दोन मिळाले, नेमके तेच दोन एखाद्या बहिणीला मिळण्याची शक्यता चारात एक. एकच गठ्ठा सामाईक असण्याची शक्यता दोनात एक. आणि एकही सामाईक नसण्याची चारात एक. म्हणजे धाकटीला मिळाली ती मॅच सगळ्यात जास्त भावंडांना मिळते तीच. त्यात तिच्या घोटभर पाण्याचा काही संबंध नाही. दोन बहिणींपैकी निदान एक पूर्ण जुळेल याची शक्यता 16 मध्ये 7 होती, निम्म्याहून कमी. ती तुमच्या बाजूने पडली.

आणि तिला हेही सांगा की अर्धी मॅच आज टाकाऊ राहिलेली नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये, प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देऊन अर्ध्या मॅचच्या दात्याच्या पेशी पेलवून नेण्याची पद्धत विकसित झाली आणि जगभर रुजली. देव न करो, पण तुम्हाला ऐनवेळी ताप आला, काही निघालं, तर पुढचं नाव धाकटीचं असू शकतं. ती राखीव दाता आहे. तिचा नमुना वाया गेलेला नाही.

तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला प्रश्न तुम्ही ओझरता लिहिलाय: भावाचं रक्त असताना गालातून काडी कशाला?

तुमच्या बाबतीत लाळ आणि रक्त एकच बोलतात. भावाच्या बाबतीत तसं धरून चालता येत नाही. एएमएलमध्ये रक्तात कॅन्सरच्या पेशी असतात, आणि कॅन्सरच्या पेशीची जनुकं बिघडलेली असतात. काही रुग्णांच्या रोगट पेशींत नेमका सहाव्या गुणसूत्राचाच तुकडा गळून गेलेला असतो. अशा रक्तावर एचएलए टाइप केलं, तर रुग्णाचा एक गठ्ठा दिसतच नाही, आणि दोन वेगळे गठ्ठे असलेला माणूस दोन सारखे गठ्ठे असलेला वाटतो. त्या चुकीच्या टाइपवर दाता शोधला, तर चुकीचा दाता सापडेल. शिवाय केमोनंतर पांढऱ्या पेशी इतक्या खाली जाऊ शकतात की नळीभर रक्तातूनही पुरेसा डीएनए निघत नाही. गालाचं अस्तर हे रक्ताच्या कारखान्याबाहेरचं. तिथल्या पेशींत भावाची जन्मतःची प्रत असते. तिथे तुम्ही उलटा प्रश्न विचारायला हवा होता: रक्तावर विश्वास ठेवला नाही, म्हणून गालाकडे गेले का? हो. बरंचसं तसंच.

इथे एक बारीक फरक आहे, तो लॅबबाहेर फारसा कुणी सांगत नाही. मी वर म्हटलं की थुंकीत पांढऱ्या पेशी खूप असतात. तुमच्या थुंकीत त्या असल्या तर बिघडत नाही. भावाच्या थुंकीत मात्र त्याच पेशी रोगट असू शकतात. म्हणून रुग्णाकडून थुंकीची नळी भरून घेण्यापेक्षा गालाच्या आतून काडी घासून अस्तराच्या पेशी घेणं बरं. तुम्हाला नळी आणि त्याला काडी, यामागे हे कारण असणार. तोंडात केमोने फोड आले असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर काडीतही रक्त मिसळतं. मग लॅबचे लोक रोग आटोक्यात असतानाचा नमुना बघतात, आणि घरच्यांच्या टाइपशी ताडून पाहतात. तुमचा आणि धाकटीचा रिपोर्ट म्हणूनच भावाच्याही रिपोर्टची साक्ष आहे. तिघांचे गठ्ठे एकाच आई-वडिलांच्या चार गठ्ठ्यांत बसले, की सगळं जागेवर येतं.

भावाचा तो काडीचा नमुना आणखी एका कामाला येणार आहे. प्रत्यारोपणानंतर त्याच्या रक्तात तुमच्या पेशी किती आणि त्याच्या जुन्या किती, हे वेळोवेळी मोजावं लागतं. ते मोजायला त्याची मूळ ओळख आणि तुमची ओळख दोन्ही आधी जपून ठेवलेली असावी लागतात. नंतर ती मिळवणं अवघड होऊन बसतं. का, ते पुढे येईलच.

आता तुमचं रक्त.

एक प्रसंग सांगते. घाबरवायला नाही सांगत. फार वर्षांपूर्वी दोन भावांची किटं एकाच घरून आली. आजारी होती त्यांची बहीण. दोघांनी रात्री एकाच टेबलावर बसून नळ्या भरल्या, झाकणं लावली आणि मग कुणीतरी दोन्ही लेबलं चिकटवली. एक भाऊ पूर्ण जुळला. सगळी तयारी त्याच्या नावाने सुरू झाली. नियमाप्रमाणे त्याला दुसऱ्या नमुन्यासाठी बोलावलं, ओळखपत्र बघून, समोर बसवून रक्त घेतलं. मी ते टाइप केलं. संध्याकाळची वेळ होती, लॅबमध्ये दोघीच होतो. पडद्यावर आलेली अक्षरं आणि जुन्या कागदावरची अक्षरं जुळेनात. मी सहकारिणीला म्हटलं, तू वाच, मला नीट दिसत नाहीये. तिलाही तेच दिसलं. लेबलं अदलाबदल झाली होती. जुळणारा भाऊ दुसरा होता. त्याला बोलावलं, त्याच्यावरून प्रत्यारोपण झालं. पहिल्या भावाचा चेहरा मला आजही आठवतो. तो निराश झाला नव्हता. हात जोडून म्हणाला, बरं झालं तुम्ही परत बघितलंत.

दुसरा नमुना याच्यासाठी असतो. प्रत्यारोपणाआधी दात्याचं आणि रुग्णाचं टाइपिंग वेगळ्या वेळी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यावर पडताळायचं, हा या क्षेत्रातला रुळलेला नियम आहे. पहिला नमुना रक्ताचा असता, तरी तुम्हाला परत बोलावलंच असतं. हे काकांना ठासून सांगा. ज्याचं नाव नळीवर आहे त्याचीच ती नळी आहे ना, एवढं त्यातून बघायचं असतं. आणि तुमच्या बाबतीत, तुम्ही एका देशात नळी भरलीत आणि बहिणीने दुसऱ्या. एका टेबलावर लेबलं बदलायची सोयच नव्हती. म्हणून तुमची भीती मला समजते, पण तिला खतपाणी घालायचं काही कारण दिसत नाही.

त्याच भेटीत तुमचं रक्त आणखी बऱ्याच गोष्टींसाठी घेतील, आणि त्या मात्र लाळेच्या ह्या किटमधून होत नाहीत. तुमच्या रक्तात एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सीएमव्ही (सायटोमेगॅलो नावाचा विषाणू) यांच्या खुणा आहेत का, हे रक्तातूनच बघतात, आणि पेशी देण्याच्या आधीच्या 30 दिवसांत परत बघतात. रक्तगट, हिमोग्लोबिन, यकृत-मूत्रपिंडाचं काम, गर्भधारणा नाही ना, हेही. जनुकं जन्मभर तीच राहतात, ती कुठूनही वाचा. पण आज शरीरात काय चाललंय ते लाळेच्या किटमध्ये येत नाही. भावाच्या रक्तातही एक गोष्ट शोधतात: दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं आधीच तयार आहेत का. धाकटीसारख्या अर्ध्या मॅचच्या दात्याच्या वेळी त्याला फार महत्त्व येतं. वारंवार रक्त चढवलेल्या माणसात अशी प्रतिपिंडं असू शकतात.

(रक्तगट वेगळा निघाला तर घाबरू नका. मूळपेशींच्या प्रत्यारोपणात तो अडसर ठरत नाही, थोडी जास्त काळजी घेतात. उलट काही महिन्यांत भावाचा रक्तगट तुमचा होतो.)

मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या घरून मला असाच प्रश्न नेहमी येतो, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठीही. तिथेही जुळणीचं टाइपिंग लाळेवर होऊ शकतं, आणि ज्यांचं डायलिसिस चालू आहे त्यांच्या हाताच्या शिरा फिस्टुलासाठी (डायलिसिसची सुई टोचायला शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) राखायच्या असतात, तेव्हा एक सुई वाचली तरी चांगलंच. पण क्रॉसमॅच, म्हणजे दात्याच्या जिवंत पेशींवर रुग्णाच्या रक्तातला द्रव टाकून बघणं, हे रक्ताशिवाय होत नाही. डायलिसिसच्या रुग्णांना पाणी मोजून प्यावं लागतं, तोंड कोरडं पडतं, नळी भरायला त्यांना बराच वेळ लागतो. त्यांना घाई करू नका. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात ते टॅक्रोलिमस हे औषध कुणाला किती लागेल, याचा अंदाज सीवायपी3ए5 ह्या जनुकावरून येतो आणि तेही लाळेतून कळतं. ज्यांच्यात ते जनुक कामाचं असतं, त्यांना सुरुवातीला दीड ते दोनपट मात्रा लागू शकते. यकृत बदललेल्या माणसात मात्र नवं यकृत दात्याचं जनुक घेऊन येतं, आणि औषध मोडणाऱ्या त्या यकृताचा पत्ता रुग्णाच्या लाळेतही नसतो, रक्तातही नसतो. ते दात्याकडूनच कळायचं.

परत तुमच्याकडे येते. डॉक्टरांना एक प्रश्न आवर्जून विचारा: भावाचा आजार घराण्यातून आलेला असू शकतो का, आणि तसं असेल तर मला तपासलं आहे का? बहुतेक वेळा एएमएल वारशाने येत नाही. पण काही थोड्या घरांत डीडीएक्स41, रनएक्स1 अशा जनुकांतला दोष पिढीतून येतो. तोच दोष तुमच्यात असेल, तर तुमच्या पेशी देणं भावाच्या भल्याचं नसेल आणि तुम्हालाही स्वतःची काळजी घ्यावी लागेल. तुमची ही तपासणी लाळेवर होऊ शकते. भावाची शंकेच्या पलीकडे करायची, तर त्वचेचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढवतात, कारण त्याच्या तोंडातही रक्ताच्या पेशी आहेतच.

आणखी एक विचारा: ह्या तपासणीतून दुसरं काही कळलं, तर ते कुणाला सांगणार? एचएलए सगळ्या घराचं एकत्र मांडलं की नात्यांबद्दलच्या गोष्टीही कधीकधी उघड्या पडतात. चांगली केंद्रं उपचाराला लागेल तेवढंच बोलतात. पण सही करण्याआधी विचारून घेणं हा तुमचा हक्क आहे, आणि उरलेल्या नमुन्याचं काय करतात हेही विचारा.

तुमची स्वतःची वेळ तुम्ही पत्रात कुठेच मागितली नाहीत. "काय तोंड दाखवू" एवढंच लिहिलंत. भावाच्या डॉक्टरांशिवाय दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांशी, घरचं कुणी सोबत न घेता, एकदा बोला. पेशी बहुधा हाताच्या शिरेतून घेतील. त्याआधी चार-पाच दिवस इंजेक्शनं, त्यात अंग आणि हाडं ठणकतात, मग काही तास यंत्राला जोडून बसणं. कधी भूल देऊन कमरेच्या हाडातून घेतात. तुमच्या मनात काही शंका, काही आजार, काही नकार असेल, तर तो आत्ता बोलायचा. भावाची जोरदार केमो सुरू झाली, त्याची स्वतःची मज्जा संपवली गेली, की त्यानंतर दात्याने मागे फिरणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. दुसरा नमुना, तुमची संमती, तुमची तब्येत हे सगळं त्या दिवसाच्या आधी पक्कं करतात, ते ह्याच कारणासाठी. तुम्ही मागे फिराल असं मला पत्रावरून अजिबात वाटत नाही. पण "हो" म्हणण्याआधी तुम्हाला कुणी नीट विचारायला हवं, आणि ते विचारलेलं दिसत नाही.

प्रत्यारोपणानंतरची एक गोष्ट भावाच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे आयुष्यात त्याची कुठलीही जनुकीय तपासणी करायची झाली, तर आधी सांगायचं की माझं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालंय. त्याच्या रक्तात तुमचा डीएनए असेल. त्याच्या थुंकीत दोघांचा असेल, गालाचं अस्तर त्याचं आणि पांढऱ्या पेशी तुमच्या. काडीने घासून घेतलं तरी तुमचा थोडाफार उतरतोच. हौसेने लाळेचं किट मागवून वंशावळ बघायला गेला, तर रिपोर्ट गोंधळेल. तेव्हा त्याची खरी प्रत शोधायची, तर त्वचेतल्या पेशी वाढवून. म्हणून आत्ता घेतलेली ती काडी जपायची, असं मी वर म्हटलं.

भावाला काय सांगायचं, ते विचारलंत. खरं तेच सांगा: लाळेवर पूर्ण मॅच आलीय, आता नावाची खात्री करायला रक्त घेणार आहेत, सगळ्यांचंच घेतात. तो आजारी आहे, लहान मूल नाही. त्याला हे कळेल. काकांना हवं तर सोबत न्या आणि नळीवर लेबल लावताना त्यांनाच वाचायला सांगा. नाव, जन्मतारीख, नमुना घेतल्याची वेळ. तुमच्यासमोर लेबल लावलं नाही, तर थांबवा आणि लावायला लावा. कुणी रागावणार नाही. आम्हाला अशी माणसं आवडतात.

धाकटीचाही पडताळणीचा नमुना पुढेमागे मागतील. तो लाळेचा असला, तर तिला सांगा: अर्धा तास काही नाही, पाणीसुद्धा नाही. निवांत बसायचं, गाल बाहेरून चोळायचे, लाळ तोंडात जमू द्यायची. नळीवरच्या खुणेपर्यंत लाळ हवी, वरचा फेस धरायचा नाही. झाकण घट्ट लावलं की त्यातलं द्रावण खाली उतरतं. मग नळी हलवायची. ते द्रावण मिसळलं की नमुना साध्या तापमानातही टिकतो, प्रवासाला घाबरायचं नाही. आणि लेबल तिने स्वतः, स्वतःच्या हाताने लावायचं.